बॅटरीवर उडायचं नसतं, उतरायचं असतं

इंजिन बंद पडलं तर विमानातल्या सगळ्यांना कळतं. अल्टरनेटर बंद पडला तर बहुतेकदा कोणाला पत्ताही लागत नाही. प्रोपेलर फिरतोय, आवाज तोच, उंची तीच, रेडिओवर मागच्या विमानातल्या मुलाचं बोलणं ऐकू येतंय. पॅनेलवर एक छोटा लाल किंवा पिवळा दिवा लागलेला असतो. दुपारच्या उन्हात तोही नीट दिसत नाही. तुम्ही नकाशात डोकं घालून पुढचं गाव शोधत असता आणि तेवढ्यात बॅटरीतली दहा मिनिटं खर्च होऊन गेलेली असतात.

बारामती, शिरपूर, गोंदिया किंवा नागपूरला उड्डाण शिकणाऱ्या मुलामुलींना इंजिन बंद पडल्यावर काय करायचं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. वीज गेली तर काय, असं विचारलं की उत्तर येतं, ‘बॅटरी आहे ना, अर्धा तास चालते.’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, आणि अर्ध्या बरोबर उत्तरावर भरवसा ठेवून विमान चालवता येत नाही. छोट्या विमानातली बॅटरी किती टिकते, ती टिकवायची कशी आणि ती संपायच्या आत काय उरकायचं, ते या लेखात पाहू.

आधी घरातली वायरिंग समजून घ्या

सेसना १५२, सेसना १७२ किंवा पायपर चेरोकी घ्या. या विमानांच्या नेहमीच्या इंजिनाला चालू राहायला बॅटरी लागत नाही. ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच वीज तयार करतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि दोन्ही मॅग्नेटो स्वतंत्र असतात. म्हणून मास्टर स्विच पूर्ण बंद केला तरी इंजिन चालूच राहतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, कारण वीज गेल्यावर सगळ्यात आधी मनात येणारी भीती इंजिन बंद पडण्याचीच असते.

बाकीचा सगळा संसार मात्र विजेवर चालतो. रेडिओ, ट्रान्सपाँडर, दिवे, इंधनाचे काटे, पिटो नळी तापवणारा हीटर, सेसनाचे फ्लॅप आणि काचेच्या पडद्यांची नवी पॅनेलं या सगळ्यांना वीज लागते. ती इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर देतो. २४ व्होल्टच्या यंत्रणेत तो साधारण २८ व्होल्ट देतो आणि फावल्या वेळात बॅटरी भरतो. बॅटरीची खरी कामं दोन. इंजिन सुरू करणं हे पहिलं. अल्टरनेटर गेला तर थोडा वेळ घर सांभाळणं हे दुसरं.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे अल्टरनेटरला वीज तयार करायला सुरुवातीला थोडी वीज लागते आणि ती तो बॅटरीकडून घेतो. बॅटरी पार मेलेली असेल तर इंजिन कितीही जोरात फिरलं तरी अल्टरनेटर जागा होईलच असं नाही. ‘बॅटरी उतरलीय, पण एकदा इंजिन सुरू झालं की भरेल’ हा मोटारसायकलवरचा हिशोब विमानात चालत नाही.

लाल मास्टर स्विच दोन तुकड्यांत का असतो, हेही इथेच लक्षात येईल. एक अर्धा अल्टरनेटरचा, दुसरा बॅटरीचा. बिघडलेला अल्टरनेटर एकट्याने बाजूला काढता यावा, म्हणून ही सोय आहे.

तीस मिनिटांचा अर्थ

अर्धा तास हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या प्रमाणन नियमांत १९९६ साली एक अट आली. वीज निर्माण करणारी यंत्रणा पूर्ण बंद पडली तर सुरक्षित उड्डाण आणि उतरणं यासाठी आवश्यक असलेल्या उपकरणांना बॅटरीने किमान ३० मिनिटं वीज द्यायला हवी, अशी ती अट होती. तिच्यातल्या दोन गोष्टी नीट वाचा. ‘आवश्यक’ उपकरणांना, म्हणजे सगळ्यांना नव्हे. आणि वैमानिकाला बिघाड लक्षात येऊन तो नको ती उपकरणं बंद करेपर्यंतचा वेळही त्याच तीस मिनिटांत धरलेला होता.

शिवाय आपल्याकडे शिकवणीसाठी उडणारी कितीतरी विमानं त्याहून जुन्या नियमांखाली मंजूर झालेल्या आराखड्यांची आहेत. त्यांच्या बॅटरीने अर्धा तास द्यावा असं कुठल्या कागदावर लिहिलेलं असेलच, असं गृहीत धरू नका.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, बॅटरीवर २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास असं लिहिलंय. विमानाच्या बॅटरीची क्षमता एका तासाच्या हिशोबाने मोजतात. म्हणजे नवी असताना ती १२ अँपिअरचा भार तासभर ओढेल. पण ती दोन वर्षं उन्हात तापलेली आहे आणि तिच्यात ८० टक्केच जीव उरलाय. मग हातात राहिले ९.६ अँपिअर-तास.

रात्रीच्या सर्किटला जुन्या पद्धतीचा लँडिंग लाइट एकटाच नऊ-दहा अँपिअर खातो. पंखांवरचे दिवे, बीकन, पिटो हीटर, दोन रेडिओ आणि ट्रान्सपाँडर धरून एकूण भार २४ अँपिअर झाला असं समजू. तर हिशोब असा:

- काहीच बंद केलं नाही, तर कागदावर २४ मिनिटं. भार जास्त असला की बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी.
- दिवा लागताक्षणी पाहिलात आणि भार ६ अँपिअरवर आणलात, तर ९६ मिनिटं.
- आठ मिनिटांनी लक्षात आलं, तर तोवर ३.२ अँपिअर-तास गेलेले असतात. उरलेल्या ६.४ मध्ये त्याच ६ अँपिअरवर ६४ मिनिटं मिळतील.

आठ मिनिटांच्या दुर्लक्षाने ६ अँपिअरवरची बत्तीस मिनिटं खाल्ली. वीज गेल्यानंतरचं पहिलं मिनिट सगळ्यात मोलाचं का, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको. आपल्या विमानाचा असा हिशोब एकदा स्वतः मांडा. प्रत्येक उपकरण किती अँपिअर खातं, याचा तक्ता विमानाच्या कागदपत्रांत असतो. इंजिनिअरला विचारलंत तर ते आनंदाने काढून देतील, कारण असलं काही विचारायला सहसा कोणी येत नाही.

आणखी एक. बॅटरी शून्यावर जाऊन मग उपकरणं बंद पडतात, असं होत नाही. व्होल्ट घसरत जातात आणि एकेक उपकरण आपापल्या मर्जीने मान टाकतं. रेडिओवर नुसतं ऐकायला थोडी वीज लागते, बोलायला कितीतरी पट जास्त. म्हणून शेवटच्या टप्प्यात बोलायचं बटण दाबलं आणि सगळा रेडिओच गप्प झाला, असं होऊ शकतं. सांगायचं ते लवकर सांगा, थोडक्यात सांगा.

काटा काय बोलतोय?

बिघाड ओळखायचा तर काटा वाचता यायला हवा, आणि काटे दोन जातींचे असतात. जुन्या सेसनांमध्ये शून्य मध्यभागी असलेला अँमीटर असतो. काटा उजवीकडे गेला तर बॅटरी भरतेय, डावीकडे गेला तर रिकामी होतेय. अल्टरनेटर गेला की हा काटा डावीकडे झुकतो. पायपरमध्ये बहुधा अल्टरनेटर एकूण किती वीज देतोय ते दाखवणारा काटा असतो. तिथे अल्टरनेटर गेला की काटा शून्यावर येतो. शून्य हे पहिल्या विमानात ‘सगळं ठीक’ आणि दुसऱ्या विमानात ‘सगळं संपलं’. सेसनावर शिकून पायपरवर गेलेल्या मुलांची इथेच गल्लत होते.

इंजिन सुरू केल्यावर काही वेळ चार्जिंग जास्त दिसणं साहजिक आहे. पण अर्धा तास सरळ उडूनही काटा चार्जिंगच्या बाजूला बराच पुढे असेल, तर बॅटरी भरत नाहीये किंवा व्होल्टेज रेग्युलेटर बिघडलाय. जादा व्होल्टेज हे कमी व्होल्टेजपेक्षा वाईट. ते बॅटरी उकळवतं आणि महागडे रेडिओ जाळतं. म्हणून व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढलं की नियंत्रक अल्टरनेटरला आपोआप तोडतो.

२४ व्होल्टच्या सेसनामध्ये मुख्य व्होल्टेज साधारण २४.५ च्या खाली गेलं की इशारा लागतो. जमिनीवर इंजिन अगदी हळू फिरत असताना आणि सगळे दिवे चालू असताना तो कधीकधी उगाच लागतो आणि इंजिनाचा वेग वाढवला की विझतो. ते चालतं. मात्र टेकऑफच्या आधी, इंजिन तपासताना तो विझलेलाच हवा.

पहिलं मिनिट

इशारा लागला. आता काय? तुमच्या विमानाच्या हस्तपुस्तिकेतली यादी हाच अंतिम शब्द. पण त्या यादीमागचा विचार सर्वत्र जवळपास सारखाच असतो.

१. विमान उडवत राहा. नाक कुठे, वेग किती, उंची किती, समोर कोण आहे, हे आधी. बिघाड विजेचा आहे, पंखांचा नाही.

२. घड्याळ पाहा आणि वेळ गुडघ्यावरच्या पॅडवर लिहा. ‘१६:४२ लो व्होल्ट’ एवढंच. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर ठरणार आहेत.

३. अल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर बाहेर आलाय का पाहा. आला असेल तर एकदाच आत दाबा. पुन्हा बाहेर आला तर त्याला हात लावू नका. तो तुम्हाला काहीतरी सांगतोय. हट्टाने दाबून ठेवलेला ब्रेकर म्हणजे आग लावायचा परवाना.

४. हस्तपुस्तिका सांगेल त्या क्रमाने अल्टरनेटरचा स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू करा. काही जुन्या विमानांत आधी रेडिओ बंद करून पूर्ण मास्टर बंद-चालू करायला सांगितलेलं असतं. इशारा गेला तर नशीब. पुन्हा आला तर अल्टरनेटर बंद ठेवा आणि बॅटरीचा हिशोब सुरू करा.

५. भार उतरवा. लँडिंग लाइट, टॅक्सी लाइट, दुसरा रेडिओ, मोबाइल भरायला लावलेली यूएसबी, केबिनचे दिवे, गरज नसेल तर पिटो हीटर, एकेक करून बंद करा.

६. बोला. ‘अल्टरनेटर निकामी, बॅटरीवर आहे, अमुक ठिकाणी उतरतोय, रेडिओ जाऊ शकतो.’ वीज असतानाच हे सांगून टाकलंत तर पुढे रेडिओ गेल्यावर खाली कोणी गोंधळणार नाही. रेडिओ गेला आणि ट्रान्सपाँडर अजून जिवंत असला, तर त्यावर रेडिओ गेल्याचा कोड लावा: ७६००.

जळका वास किंवा धूर आला तर ही यादी बाजूला ठेवा. तिथे प्रश्न वीज वाचवण्याचा राहत नाही. विजेच्या आगीची यादी काढा. तिची सुरुवात मास्टर बंद करण्यानेच होते.

घराची ओढ

यानंतर येतो तो खरा निर्णय: उतरायचं कुठे? वैमानिक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच.

११ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्डहून एअर इलिनॉयचं ७१० क्रमांकाचं उड्डाण कार्बनडेलकडे निघालं. विमान हॉकर सिडली ७४८. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं आणि आपल्याकडे ‘अॅव्हरो’ म्हणून ओळखलं जाणारं विमान ते हेच. उड्डाणानंतर दोनेक मिनिटांतच डावा जनरेटर गेला. सहवैमानिकाकडून चुकून उजवा, म्हणजे चांगला, जनरेटर तोडला गेला आणि तो परत जोडता आला नाही. नियंत्रकाला ‘किरकोळ’ विजेची अडचण असल्याचं कळवण्यात आलं. मागे स्प्रिंगफील्डचा विमानतळ हाकेच्या अंतरावर होता. पुढे रात्र होती, ढग होते आणि कार्बनडेलला कंपनीचं मुख्य ठाणं. कप्तानाने पुढे जायचं ठरवलं. उड्डाणानंतर सुमारे ३३ मिनिटांनी, वीज संपून अंधारलेलं ते विमान पिंकनीव्हिलजवळ कोसळलं. त्यातले दहाही जण गेले. जवळच्या विमानतळावर परतण्याऐवजी पुढे जाण्याचा कप्तानाचा निर्णय, हेच अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने अपघाताचं कारण ठरवलं.

‘बॅटरी अजून आहे’ हा विचार घराची ओढ असताना फार गोड वाटतो. आपला हँगर तिथे, आपला इंजिनिअर तिथे, दुसरीकडे उतरलो तर विमान आणायला कोण जाणार, सर काय म्हणतील! असल्या विचारांनी विमानं पाडली आहेत. बॅटरी हे घरी पोचायचं इंधन नाही. ते उलटं मोजणारं घड्याळ आहे. जवळची, उजेडातली, बरी धावपट्टी निवडा आणि उतरा. घरची धावपट्टीच सगळ्यात जवळ असेल तर उत्तम. नसेल तर विमान तिथेच एक रात्र राहील, आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

वीज गेल्यावर काय उरतं?

साध्या घड्याळांच्या सेसना १७२ मध्ये वेग, उंची आणि चढ-उताराचा दर सांगणारी तिन्ही घड्याळं हवेच्या दाबावर चालतात. चुंबकीय होकायंत्राला काही लागत नाही. क्षितिज आणि दिशा दाखवणारे जायरो बहुधा इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर असतात. टर्न कोऑर्डिनेटर मात्र विजेचा असतो. सेसना १७२ चा स्टॉलचा भोंगा हवेवर वाजतो, म्हणून वीज नसतानाही वाजेल. पायपरचा विजेवर असल्याने तो वाजणार नाही. इंधनाचे काटे पडतील, तेव्हा टाक्यांमध्ये डोकावून मोजलेलं इंधन आणि घड्याळ यांवरच विसंबा.

फ्लॅपबद्दल वेगळं सांगायला हवं. पायपर चेरोकीचे फ्लॅप हाताच्या दांड्यावर आहेत, तिथे चिंता नाही. सेसनाचे विजेच्या मोटरवर आहेत. मरायला टेकलेल्या बॅटरीवर फ्लॅप पूर्ण खाली सोडलेत आणि नेमकी तेव्हाच धावपट्टीवर गाय आली, तर? फिरून वर जायचं आहे आणि फ्लॅप वर येत नाहीत. पूर्ण फ्लॅप लोंबकळत असलेली जुनी सेसना उन्हाळ्याच्या दुपारी नीट चढत नाही. म्हणून लांब धावपट्टी असेल तर फ्लॅप न वापरता किंवा थोडेच वापरून उतरा. बिनफ्लॅपचं उतरणं लांब आणि थोडं वेगात होतं. नाक वर असतं, धावपट्टी नेहमीसारखी दिसत नाही. म्हणून त्याचा सराव प्रशिक्षकासोबत आधीच करून ठेवा.

टॉवर असलेल्या विमानतळावर रेडिओ गेला असेल तर टॉवरकडे नजर ठेवा. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरायला परवानगी. हिरवा लुकलुकतोय म्हणजे उतरण्यासाठी परत या. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फेऱ्या मारत राहा. लाल लुकलुकतोय म्हणजे विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नका. दिसलं हे कळवायला दिवसा पंख हलवा. टॉवर नसलेल्या पट्टीवर आधी वरून फेरी मारून विंडसॉक पाहा आणि सर्किटमधल्या बाकीच्या विमानांना तुम्ही आलाय हे माहीत नाही, असं धरून चाला.

काचेचे पडदे आणि दुसरी बॅटरी

जी१००० पडद्यांच्या सेसना १७२ मध्ये मुख्य बॅटरीखेरीज एक राखीव बॅटरी असते. मुख्य बॅटरी आडवी पडली की ती वैमानिकापुढचा मुख्य पडदा, पहिला रेडिओ आणि आणखी काही मोजक्या उपकरणांना सुमारे अर्धा तास सांभाळते. फ्लॅप आणि लँडिंग लाइट तिच्या यादीत नाहीत. तिचा स्विच तीन जागी बसतो: टेस्ट, बंद आणि आर्म. इंजिन सुरू करण्याआधी टेस्टवर धरून हिरवा दिवा हस्तपुस्तिकेत दिलेल्या सेकंदांपर्यंत टिकतो का ते पाहायचं आणि मग आर्म करायचं. घाईतला विद्यार्थी स्विच टेस्टवर टिचकी मारल्यासारखा दाबतो आणि सोडतो. दिवा लागला, झालं! पण खरा प्रश्न दिवा टिकतो का, हा आहे. दुसरी हमखास चूक म्हणजे उतरल्यावर स्विच आर्मवरच विसरणं. मग दुसऱ्या दिवशी ही राखीव बॅटरी राखीव राहिलेली नसते.

काही विमानांत एकेका उपकरणाला त्याची स्वतःची बॅटरी असते. गार्मिनचं जी५ घड्याळ अशा बॅटरीवर चार तासांपर्यंत चालतं. सिरस एसआर२२ मध्ये तर दोन अल्टरनेटर आणि दोन बॅटऱ्या आहेत.

डिझेल इंजिनांचं प्रकरण मात्र उलटं आहे. डायमंड डीए४० एनजी किंवा डीए४२ यांची इंजिनं संगणक चालवतो आणि संगणकाला वीज लागते. ‘वीज गेली तरी इंजिन चालतं’ हा मॅग्नेटोवाल्यांचा धीर इथे उपयोगाचा नाही. मार्च २००७ मध्ये जर्मनीतल्या श्पायरला एका डीए४२ ची बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज देऊन इंजिनं सुरू केली गेली आणि विमान निघालं. टेकऑफनंतर चाकं आत घेताना विजेचा भार एकदम वाढला, व्होल्टेज क्षणभर कोसळलं, दोन्ही इंजिनांचे संगणक थांबून पुन्हा सुरू झाले आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. विमान पोटावर उतरलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. त्यानंतर अशा इंजिनांच्या संगणकांना वेगळ्या राखीव बॅटऱ्या आल्या. बाहेरून वीज देऊन इंजिन सुरू झालं, म्हणजे विमान उडायला तयार झालं असं नव्हे. उतरलेली बॅटरी आधी काढून, तपासून, नीट भरून मगच उड्डाण.

धरण भरलेलं दिसतं, पण गाळ किती?

जमिनीवर बॅटरीची तब्येत कशी ओळखायची? बहुतेक जण मास्टर लावून व्होल्ट पाहतात. विश्रांतीत असलेली, पूर्ण भरलेली २४ व्होल्टची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी साडेपंचवीसच्या वर दाखवते. पंचवीसच्या खाली आली असेल तर भरायला लावा. पण व्होल्ट ही धरणाची पाणीपातळी आहे. धरण शंभर टक्के भरल्याची बातमी येते, तेव्हा तळाशी किती गाळ साचलाय हे पातळी सांगत नाही. तशीच जुनी बॅटरी पूर्ण व्होल्ट दाखवते, इंजिनही झोकात सुरू करते आणि गरजेच्या दिवशी दहा मिनिटांत संपते. स्टार्टर चालवायला काही सेकंदांचा जोर लागतो. अर्धा तास घर सांभाळायला साठा लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गाळ मोजायची पद्धत म्हणजे क्षमता चाचणी. हँगरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर पूर्ण भरलेल्या बॅटरीला ठराविक भार लावतात आणि इंजिनिअर घड्याळ लावून बसतात. २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी व्होल्ट साधारण २० वर येईपर्यंत किती मिनिटं गेली, ते मोजतात. तासाभराच्या भारावर ५१ मिनिटं निघाली तर ८५ टक्के. ३५ निघाली, तर व्होल्टमीटर काहीही म्हणो, ती बॅटरी बदलायची. साधारण ८० ते ८५ टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी बाद करा असं निर्माते सांगतात. नेमका आकडा त्या त्या बॅटरीच्या पुस्तिकेत असतो. शक्य असेल तेव्हा ही चाचणी एकदा उभं राहून पाहा. घड्याळाच्या काट्याबरोबर घसरणारे व्होल्ट एकदा पाहिले की वर सांगितलेला हिशोब पाठ करावा लागत नाही.

बॅटरीचा आपल्याकडचा मुख्य शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. सेसना १५२ आणि १७२ ची बॅटरी इंजिनाच्याच खोलीत, आगभिंतीवर बसवलेली असते. त्यात गोंदिया-नागपूरचा मे महिना. थंड देशांच्या भरवशावर छापलेलं आयुष्य इथे मिळेल असं धरू नका.

लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात आणि शेवटपर्यंत व्होल्ट टिकवतात. पण म्हणूनच त्या संपत आल्याचा इशाराही उशिरा देतात. लिथियम बॅटऱ्या तापून पेटल्यामुळे २०१३ च्या जानेवारीत जगभरची बोइंग ७८७ विमानं जमिनीवर बसवावी लागली होती. छोट्या विमानांत आज वापरली जाणारी लोहयुक्त लिथियम बॅटरी त्यापेक्षा बरीच शांत स्वभावाची आहे. तरीही तुमच्या विमानाला मंजूर नसलेली बॅटरी, ‘बसतेय ना’ एवढ्यावर बसवू नका.

पिशवीत काय असावं?

कपाळावर लावायचा छोटा एलईडी दिवा आणि त्याचे जादा सेल, दिवसाच्या उड्डाणालाही. साधं मनगटी घड्याळ. कागदी नकाशा किंवा वीज नसतानाही दिसेल असा छापील मार्ग. टॉवरचा आणि शाळेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर. शाळेकडे हातातला विमान रेडिओ असेल तर तो, हेडसेट जोडायच्या वायरीसकट. असा रेडिओ स्वतः घ्यायचा विचार असेल तर परवान्याची चौकशी आधी करा. नुसता रेडिओ असून भागत नाही. इंजिनाच्या आवाजात, हेडसेट न लावता, त्यावर काही ऐकू येतं का, हे जमिनीवरच पडताळून पाहा.

आणि पुढच्या उड्डाणाला प्रशिक्षकांना सांगा, ‘सर, आज वीज घालवा.’ सुरक्षित उंचीवर ते अल्टरनेटरचा स्विच हलकेच बंद करतील आणि काही बोलणार नाहीत. तुमच्या लक्षात यायला किती मिनिटं लागली, ते उतरल्यावर विचारा. तो आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी कमी करा.